सगळी राज्ये एकदम निवडू नका: अमेरिकेतील ऑनलाइन दुकानासाठी विक्रीकराची मांडणी

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपण न्यू जर्सीतून लहान मुलांचे सुती कपडे आणि कापडी हँडबॅग विकता. काही विक्री शॉपिफायवर (ऑनलाइन दुकान उभारून देणाऱ्या सेवेवर) थाटलेल्या स्वतःच्या दुकानातून होते आणि काही ॲमेझॉनवरून, ॲमेझॉनच्याच गोदामांत ठेवलेल्या मालातून होते. स्वतःच्या दुकानावर आजवर आपण विक्रीकर घेतलेला नाही. आता एका परिचिताने सुचवले आहे की सेटिंगमध्ये सगळी राज्ये निवडून करवसुली सुरू करून टाकावी, म्हणजे कुठलीच चिंता उरणार नाही. हे करावे का, आणि नसेल तर सुरुवात कुठून करावी, असे आपण विचारले आहे.

ते करू नये. ज्या राज्यात आपली नोंदणी नाही, त्या राज्याच्या वतीने ग्राहकाकडून कर घेण्याचा अधिकार आपल्याला नसतो, आणि परवान्याशिवाय कर घेणे हा अनेक राज्यांत स्वतंत्र गुन्हा आहे. कर म्हणून घेतलेली रक्कम त्या राज्याची असते, मग आपण तिथे वसुलीला बांधील असा वा नसा. ती ना आपल्याला ठेवता येते, ना नोंदणीशिवाय सरळ भरता येते. उलट भीतीपोटी सगळीकडे नोंदणी केली, तर पंचेचाळीस राज्ये आणि वॉशिंग्टन डीसी इतक्या ठिकाणी ठरलेल्या मुदतीत विवरणपत्रे भरत बसावे लागते; विक्री शून्य असली तरी शून्याचे विवरणपत्र भरावेच लागते आणि ते चुकले की दंडाची नोटीस येते. लहान दुकानदारांची विक्रीकराची जी कामे माझ्याकडे येतात, त्यांत कर कमी घेतल्यामुळे उद्भवलेल्या अडचणींच्या बरोबरीने, गरज नसताना केलेल्या नोंदण्यांमुळे साचलेल्या नोटिसा असतात. म्हणून आधी दायित्व कुठे आहे हे ठरवायचे, मग कशावर कर लागतो हे पाहायचे, त्यानंतर नोंदणी करायची आणि संगणकातली सेटिंग सर्वांत शेवटी बदलायची. हा क्रम उलटला की पुढचे सगळे निस्तरावे लागते.

भारतातील वस्तू व सेवा कराची सवय असलेल्यांनी एक फरक आधीच लक्षात घ्यावा. अमेरिकेत विक्रीकराचा केंद्रीय कायदा नाही. प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा आहे. हा कर अंतिम ग्राहकाला केलेल्या किरकोळ विक्रीवर एकदाच लागतो, त्यामुळे इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेला कर विक्रीवरच्या करातून वजा करणे, हा प्रकार येथे नाही. आपण पुनर्विक्रीसाठी माल खरेदी करताना पुरवठादाराला पुनर्विक्री प्रमाणपत्र देता आणि त्या खरेदीवर कर भरतच नाही. कुणी दुकानदार आपल्याकडून घाऊक माल घेत असेल, तर हेच प्रमाणपत्र आपण त्याच्याकडून घेऊन जपून ठेवायचे. न्यू जर्सीत त्यासाठी एसटी-३ हा नमुना वापरतात. तपासणीच्या वेळी प्रमाणपत्र हाती नसेल, तर ती विक्री करपात्र होती असे गृहीत धरले जाते.

आता दायित्वाकडे येऊ. एखाद्या राज्याशी आपला असा संबंध असणे की ज्यामुळे त्या राज्याला आपल्यावर करवसुलीचे बंधन घालता येते, त्याला या क्षेत्रात नेक्सस म्हणतात. तो दोन मार्गांनी निर्माण होतो. पहिला मार्ग प्रत्यक्ष उपस्थितीचा: कार्यालय, कर्मचारी किंवा साठवलेला माल. आपले काम न्यू जर्सीतून चालते, त्यामुळे तिथे विक्री कितीही कमी असली तरी दायित्व पहिल्या दिवसापासून आहे. दुसरा मार्ग आर्थिक उलाढालीचा, आणि तो तुलनेने नवा आहे. १९६७च्या बेलास हेस आणि १९९२च्या क्विल या खटल्यांतील निकालांमुळे, ज्या राज्यात विक्रेत्याचे काहीच नाही त्या राज्याला त्याच्याकडून करवसुली करून घेता येत नव्हती. २१ जून २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने साउथ डकोटा विरुद्ध वेफेअर या खटल्यात पाच विरुद्ध चार अशा मताने प्रत्यक्ष उपस्थितीची ती अट रद्द केली. साउथ डकोटाच्या कायद्यात वर्षाला एक लाख डॉलरची विक्री किंवा २०० व्यवहार ही मर्यादा होती, म्हणजे ती ओलांडली की दायित्व येई, आणि बहुतेक राज्यांनी तीच उचलली. मिझुरी हे सर्वांत शेवटचे. तिथे हा नियम १ जानेवारी २०२३पासून लागू झाला.

या मर्यादांचा तक्ता इंटरनेटवर सहज मिळतो, पण तो वाचताना तीन गोष्टी नजरेतून सुटतात. एक म्हणजे रक्कम. कॅलिफोर्निया आणि टेक्सस येथे मर्यादा पाच लाख डॉलर आहे. न्यूयॉर्कमध्येही पाच लाख आहे, परंतु तिथे १००हून अधिक व्यवहार ही अटही सोबत पूर्ण व्हावी लागते, म्हणजे दोन्ही अटी एकत्र. व्यवहारसंख्येची अट अनेक राज्यांनी काढून टाकली आहे. खुद्द साउथ डकोटाने १ जुलै २०२३पासून आणि नॉर्थ कॅरोलायनाने १ जुलै २०२४पासून ती रद्द केली. कमी किमतीचा माल विकणाऱ्यांना हा मोठा दिलासा आहे, कारण २० डॉलरचा एक फ्रॉक धरला तर २०० व्यवहारांची विक्री फक्त चार हजार डॉलर होते. म्हणून जुना तक्ता वापरू नये. त्या त्या राज्याच्या महसूल विभागाचे पान उघडून पाहावे.

दुसरी गोष्ट म्हणजे कोणती विक्री मोजायची. टेक्ससमध्ये एकूण उलाढाल मोजतात, त्यात करमुक्त विक्रीही येते. फ्लोरिडात केवळ करपात्र विक्री मोजतात आणि मार्केटप्लेसने (म्हणजे ॲमेझॉनसारख्या, इतरांचा माल विकणाऱ्या संकेतस्थळाने) ज्या विक्रीवर कर घेतला ती वगळतात. कपडे करमुक्त असलेल्या राज्यात हा फरक फार महत्त्वाचा ठरतो, कारण एक पैसाही कर देय नसताना आपण मर्यादा ओलांडलेली असू शकते. तिसरी गोष्ट कालावधीची. काही राज्ये चालू किंवा मागील कॅलेंडर वर्ष धरतात, टेक्सस मागील बारा महिने धरतो, न्यूयॉर्क मागील चार तिमाह्या. मर्यादा ओलांडल्यावर वसुली कधी सुरू करायची हेही सारखे नाही. टेक्सस चौथ्या महिन्याच्या पहिल्या तारखेपर्यंत सवड देतो, इतर काही राज्ये त्यापेक्षा बरीच कमी देतात. दर महिन्याच्या अखेरीस राज्यवार विक्रीचा अहवाल काढून, कोणत्या राज्यात मर्यादेच्या तीन चतुर्थांशाच्या पुढे गेलो ते पाहण्याची सवय लावून घ्यावी. लहान दुकानाला यासाठी सशुल्क सॉफ्टवेअरची गरज नाही; एक साधी स्प्रेडशीट पुरते.

आपल्या बाबतीत खरी गुंतागुंत ॲमेझॉनच्या गोदामांची आहे. विक्रीकर असलेल्या सर्व राज्यांत आता मार्केटप्लेस कायदा लागू आहे (न्यू जर्सीत तो १ नोव्हेंबर २०१८पासून आहे), त्यामुळे ॲमेझॉनवरील विक्रीवरचा कर ॲमेझॉनच गोळा करून भरतो आणि त्यासाठी आपल्याला काही करायचे नसते. एवढे ऐकून बहुतेक जण निश्चिंत होतात. परंतु आपला माल ॲमेझॉन कोणत्या राज्यात ठेवतो हे आपण ठरवत नाही, आणि तो माल मालकीने आपलाच असतो. समजा, काही खोकी कॅलिफोर्नियातील गोदामात गेली. त्या राज्याच्या दृष्टीने ती आपली प्रत्यक्ष उपस्थिती ठरते. आपण तिथे फक्त ॲमेझॉनमार्फतच विकत असता, तर वेगळ्या नोंदणीची गरज पडली नसती. पण शॉपिफायवरून कॅलिफोर्नियातील ग्राहकाला केलेली विक्री मात्र पाच लाखांच्या मर्यादेची वाट न पाहता करपात्र होते. म्हणून सेलर सेंट्रल या ॲमेझॉनच्या विक्रेत्यांसाठीच्या संकेतस्थळावरून इन्व्हेंटरी लेजरचा (मालसाठ्याच्या नोंदवहीचा) अहवाल काढून आपला माल कोणकोणत्या राज्यांत पडून आहे ती यादी आधी तयार करावी, आणि तिच्याशेजारी शॉपिफायची राज्यवार विक्री ठेवावी. दोन्हीकडे जी राज्ये दिसतील, ती प्रथम तपासण्याची राज्ये. जिथे माल आहे पण स्वतःच्या दुकानाची विक्री नाही, तिथे घाई करू नये. त्या राज्याचे मार्केटप्लेस विक्रेत्यांबाबतचे नियम आधी वाचावेत.

अलास्का, डेलावेअर, मोंटाना, न्यू हॅम्पशायर आणि ओरेगन या पाच राज्यांत राज्यस्तरीय विक्रीकर नाही. त्यांपैकी अलास्कात स्थानिक संस्थांचा कर असतो आणि दूरस्थ विक्रेत्यांसाठी त्यांनी एकत्रित यंत्रणा उभारलेली आहे. बाकीची चार यादीतून खोडून टाकावीत.

यानंतरचा प्रश्न कशावर कर लागतो हा, आणि कपडे विकणाऱ्यासाठी तोच सर्वांत किचकट असतो. न्यू जर्सीत सर्वसाधारण कपडे करमुक्त आहेत, पेनसिल्व्हेनिया आणि मिनेसोटातही आहेत. मात्र हँडबॅग या तिन्ही राज्यांत कपडा मानली जात नाही. ती करपात्र आहे. न्यू जर्सीत लहान मुलाची टोपी करमुक्त आणि केसांची क्लिप करपात्र, इतक्या बारीक पातळीवर ही विभागणी उतरते. कॅलिफोर्निया आणि टेक्ससमध्ये असा भेद नाही, तिथे सगळेच करपात्र. (टेक्ससमध्ये शाळा सुरू होण्यापूर्वी ऑगस्टमध्ये काही दिवसांची करमाफी असते, मुलांचे कपडे विकणाऱ्याने तिची तारीख दरवर्षी पाहून ठेवावी.)

काही राज्यांत करमाफी किमतीवर अवलंबून असते आणि तिची रीतही राज्यागणिक बदलते. न्यूयॉर्कमध्ये ११० डॉलरपेक्षा कमी किमतीच्या प्रत्येक कपड्यावर राज्याचा चार टक्के कर माफ आहे, पण स्थानिक कर माफ करायचा की नाही हे प्रत्येक काउंटी (राज्यातील जिल्ह्यासारखा विभाग) आणि शहर ठरवते. न्यूयॉर्क शहराने तो माफ केला आहे. किंमत ११० डॉलर किंवा त्याहून अधिक झाली की मात्र संपूर्ण किमतीवर कर लागतो. मॅसॅच्युसेट्समध्ये मर्यादा १७५ डॉलर आहे आणि त्यावरील रकमेपुरताच कर लागतो. याचा परिणाम असा की २०० डॉलरच्या एकाच कोटावर न्यूयॉर्क शहरात ८.८७५ टक्के दराने १७.७५ डॉलर कर होतो, तर मॅसॅच्युसेट्समध्ये वरच्या २५ डॉलरवर ६.२५ टक्के दराने १.५६ डॉलर. हे हाताने सांभाळण्याचा विचारही करू नये. आपले काम इतकेच की प्रत्येक उत्पादनाला अचूक वर्ग द्यायचा. बाकी हिशेब यंत्रणेला करू द्यायचा. ‘मुलांचा अंगरखा’ आणि ‘हँडबॅग’ या दोन्ही वस्तू ‘इतर’ या वर्गात पडून राहिल्या, तर सर्वांत महागडे सॉफ्टवेअरही चुकीचाच कर लावेल.

पाठवणीच्या खर्चावर कर लागतो का, हे बहुतेक जण विचारतच नाहीत. कॅलिफोर्नियात तो खर्च बिलात वेगळा दाखवला असेल, माल टपालाने किंवा सार्वजनिक कुरिअरने थेट ग्राहकाकडे जात असेल आणि आकारलेली रक्कम प्रत्यक्ष खर्चाइतकीच असेल, तर त्यावर कर नाही. हाताळणीचे जादा पैसे मिळवलेत तर त्या जादा रकमेवर कर लागतो. टेक्ससमध्ये वस्तू करपात्र असेल तर पाठवणीही करपात्र. न्यू जर्सीत पाठवणीचे स्वरूप वस्तूप्रमाणे ठरते, आणि एकाच पार्सलमध्ये कपडे व हँडबॅग दोन्ही असतील तर तो खर्च किमतीच्या किंवा वजनाच्या प्रमाणात विभागून करपात्र भागावर कर घ्यावा लागतो. आपण स्वतः दिलेली सवलत करपात्र रकमेतून वजा होते. गिफ्ट कार्ड विकताना कर घ्यायचा नाही. ते वापरून वस्तू घेतली जाते तेव्हा घ्यायचा.

दराबाबत एवढेच सांगतो की दूरस्थ विक्रेत्याने साधारणतः माल जिथे पोहोचतो त्या पत्त्याचा दर लावायचा असतो, आणि तो पूर्ण पत्त्यावरून काढावा, झिप कोडवरून नव्हे. झिप कोड टपाल वाटपाच्या सोयीसाठी आखलेले आहेत; एकाच कोडमध्ये दोन शहरे किंवा दोन काउंट्या येऊ शकतात आणि त्यांचे दर वेगळे असू शकतात. न्यू जर्सीपुरता हा त्रास जवळजवळ नाही, कारण तिथे ६.६२५ टक्के हाच दर सर्वसाधारणपणे राज्यभर आहे. कोलोरॅडोत मात्र स्वतंत्र सनद असलेली अनेक शहरे आपला कर स्वतः गोळा करतात, त्यामुळे त्या राज्यात मर्यादा ओलांडण्याची चिन्हे दिसली की व्यावसायिक मदत घेणे स्वस्त पडते. याउलट अलाबामाने दूरस्थ विक्रेत्यांना सरसकट आठ टक्क्यांचा पर्याय दिला आहे. अशा सोयी जिथे आहेत तिथे त्या घ्याव्यात.

नोंदणी न्यू जर्सीपासून करावी, पण त्याआधी या उत्तराचा मागील विक्रीविषयीचा शेवटचा भाग वाचावा. तिथे एनजे-रेग हा ऑनलाइन अर्ज भरला की करवसुलीचे अधिकारपत्र मिळते. त्याला शुल्क नाही. अर्जात आयआरएस या केंद्रीय करविभागाकडून मिळणारा ईआयएन हा व्यवसायाचा ओळख क्रमांक लागतो आणि तोही मोफत मिळतो. या दोन्हींसाठी पैसे मागणारी संकेतस्थळे पुष्कळ आहेत, त्यांच्या वाट्याला जाऊ नये. पुढे अनेक राज्यांत एकदम नोंदणी करण्याची वेळ आली, तर स्ट्रीमलाइन्ड सेल्स टॅक्स या करारातील चोवीस राज्यांसाठी एकच अर्ज चालतो. कॅलिफोर्निया, टेक्सस, न्यूयॉर्क, फ्लोरिडा, इलिनॉय आणि पेनसिल्व्हेनिया ही मोठी बाजारपेठ असलेली राज्ये त्यात नाहीत, तिथे स्वतंत्र अर्ज करावे लागतात.

अधिकारपत्र हाती आल्यावरच शॉपिफायच्या सेटिंगमधील कर विभागात अमेरिका निवडून फक्त त्या राज्याची नोंदणी आणि क्रमांक भरावा. त्यानंतर प्रत्येक उत्पादनाचा वर्ग तपासावा, उत्पादनाच्या पानावरील ‘कर आकारा’ हा पर्याय सुरू आहे याची खात्री करावी, आणि कपडे करमुक्त आहेत म्हणून तो बंद करून टाकण्याचा मोह टाळावा. तो बंद केला की कॅलिफोर्नियात नोंदणी झाल्यावर तिथेही कर लागणार नाही, आणि ही चूक लवकर ध्यानात येत नाही. मग चाचणीसाठी काही ऑर्डर तयार कराव्यात: न्यू जर्सीतील पत्त्यावर फक्त कपडे, फक्त हँडबॅग आणि दोन्ही एकत्र, शिवाय जिथे नोंदणी नाही अशा एका राज्यातील पत्त्यावर एक. पहिल्या ऑर्डरवर शून्य, दुसरीवर पूर्ण, तिसरीवर फक्त हँडबॅग व तिच्या वाट्याच्या पाठवणीपुरता आणि चौथीवर शून्य असे दिसले, तरच दुकानाची ही बाजू सुरू झाली असे समजावे. ॲमेझॉनच्या ऑर्डर शॉपिफायमध्ये एकत्र येत असतील, तर त्यांवर पुन्हा कर मोजला जात नाही ना, हेही पाहावे.

करवसुली सुरू करणे म्हणजे कर भरणे नव्हे, हे मुद्दाम लिहितो, कारण सॉफ्टवेअर कर घेते म्हणजे भरतही असेल असा समज फार पसरलेला आहे. वेगळी सेवा घेतलेली नसेल तर विवरणपत्र आपल्यालाच भरायचे असते. न्यू जर्सीत एसटी-५० हे तिमाही विवरणपत्र तिमाही संपल्यानंतरच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत द्यावे लागते. गोळा झालेला कर ही विश्वासाने आपल्याकडे ठेवलेली सरकारी रक्कम मानली जाते. कंपनी मर्यादित दायित्वाची असली तरी ती न भरल्यास जबाबदार व्यक्तीकडून वैयक्तिकरीत्या वसूल करता येते. त्यासाठी वेगळे बँक खाते ठेवावे आणि दर आठवड्याला कराची रक्कम तिथे वळवावी. परतावा दिलेल्या ऑर्डरवरील कर ग्राहकाला परत द्यावा आणि विवरणपत्रात तो वजा करावा. बिले, प्रमाणपत्रे आणि अहवाल किमान चार वर्षे जपावेत.

राहिला मागील विक्रीचा प्रश्न. कपडे करमुक्त असल्याने न्यू जर्सीत आपले थकित दायित्व कदाचित फक्त हँडबॅगपुरते निघेल आणि रक्कम लहान असेल. ती आधी मोजून पाहावी. परंतु विवरणपत्रच दाखल केलेले नसेल तर तपासणीची कालमर्यादा सुरूच होत नाही, त्यामुळे जुने वर्ष आपोआप मागे पडत नाही. यासाठी बहुतेक राज्यांत स्वेच्छेने प्रकटीकरणाची योजना असते. तिच्यात मागील साधारण तीन-चार वर्षांचाच कर व्याजासह भरावा लागतो आणि दंड बहुधा माफ होतो. अट अशी की राज्याने आपल्याशी संपर्क साधण्यापूर्वी आणि आपण त्या कराची नोंदणी करण्यापूर्वी अर्ज व्हायला हवा. आधी नोंदणी करून मग या योजनेकडे वळणाऱ्याला अनेक ठिकाणी अपात्र ठरवले जाते. अनेक राज्यांत थकबाकी असेल तर मल्टिस्टेट टॅक्स कमिशन या राज्यांच्या संयुक्त करसंस्थेमार्फत एकत्रित अर्ज करता येतो, आणि करार होईपर्यंत विक्रेत्याचे नाव राज्यांना कळवले जात नाही. तेव्हा गोदामांच्या यादीत कॅलिफोर्निया किंवा आणखी एखादे राज्य निघाले आणि तिथे आपल्या दुकानाची मागील विक्री लक्षणीय असेल, तर नोंदणीचा अर्ज उघडण्यापूर्वी ती रक्कम मोजून विक्रीकराचे काम करणाऱ्या सल्लागाराला दाखवावी. रक्कम किरकोळ असेल तर सल्लागाराचे शुल्कच थकबाकीपेक्षा जास्त होईल. अशा वेळी नोंदणी अर्जात व्यवसाय सुरू झाल्याची खरी तारीख लिहून मागील कालावधीची विवरणपत्रे स्वतःच भरणे सोयीचे पडते.